मधतोंड्या आणि त्याची नवी नावं

सागाच्या एका जुन्या जंगलात, नदीच्या वरच्या अंगाला, डोंगरउतारावरच्या कपारीत एक अस्वल राहत असे. एकटंच राहत असे. अस्वलांची जातच तशी, असं म्हणून बाकीची जनावरं तो विषय संपवत. पण बाळांनो, सवय झाली म्हणून गार दगड काही ऊबदार होत नाही. दिवसच्या दिवस त्याच्याशी कुणी बोलत नसे. वारूळ उकरावं, मोहाची फुलं खावीत, कपारीत येऊन पडावं आणि खालून येणारे दुसऱ्यांचे आवाज ऐकावेत, असं त्याचं चाले.

वर्षातला एक दिवस मात्र वेगळा. पळस फुलला की नदीकाठच्या लाल मातीत कुस्त्यांचं मैदान भरे. सुतारपक्षी वाळक्या खोडावर चोचीने हलगी धरी आणि वडाच्या फांदीवर बसून धनेश पक्षी जोडी पुकारे. या मैदानाची एक रीत होती. पैलवानाचं नाव पुकारलं की जमलेल्यांतून कुणीतरी 'आमचाच' म्हणून साद द्यायची. साद आली की पैलवानाने मातीत उतरायचं. नाही आली, तर तो कितीही दांडगा असो, त्याने मागे फिरायचं. जुन्या मंडळींचं म्हणणं असं, की ज्याला आपला म्हणणारं कुणी नाही, तो पडला तर त्याला उठवायला जाणार कोण?

आणि मैदानातलं नाव घरचं नसे, तिथलंच असे; ओळख धरायची ती त्या नावाचीच, तोंडाची नाही. अस्वलाचं नाव होतं मधतोंड्या. झालं होतं असं, की पहिल्या कुस्तीच्या दिवशी ते पोळं चाटून तसंच मैदानात आलं. तोंड चिकट, आणि मागे चिडलेल्या माश्यांचं मोहोळ. समोर होतं तरस. त्याचं अर्धं लक्ष अस्वलाकडे आणि अर्धं माश्यांकडे. अस्वलाने पट काढला आणि तरस आडवं. मैदान हसून लोळलं. नदीच्या खालच्या डोहातलं एक कासव तर इतकं हसलं, की दगडावरून घसरून पाठीवर पडलं आणि पाय हलवत राहिलं. अस्वलाने मातीतून बाहेर येऊन त्याला सरळ केलं. कासव म्हणालं, "शाब्बास रे मधतोंड्या." तेच नाव चिकटलं.

तेव्हापासून मधतोंड्याचा पुकारा झाला की पहिली साद कायम जमिनीलगतून येई. कासव पुढे फार म्हातारं झालं. डोळ्यांवर पडदा आला. समोर गवा आहे की खडक, हे त्याला धक्का लागल्यावरच कळे. पण कान शाबूत होते. पळसाला कळ्या धरल्या की ते डोहातून निघे आणि फुलं उमलेपर्यंत मैदान गाठे. एका शब्दासाठी एवढी चाल. अस्वल त्या एका शब्दावर कपारीतलं सगळं वर्ष काढी.

मग एका साली त्याची जोड गव्याशी लागली. गवा म्हणजे चालता डोंगर. त्याने अस्वलाला उचललं आणि सगळ्यांच्या देखत चीत केलं. झाडावरची माकडं ओरडली, "काय हो मधतोंडे, आज मातीची चव कशी होती?" कासव खालून सांगत होतं, "असू दे, असू दे, गव्यापुढे कोण टिकलंय?" पण हसण्याच्या गलक्यात अस्वलाला माकडं तेवढी ऐकू आली.

मान खाली घालून ते परतत होतं, तेव्हा वाटेत कोल्हा भेटला. हा कोल्हा कधी मातीत उतरला नव्हता, पण कुणाचं काय चुकलं हे त्याला नेहमी ठाऊक असे.

"पैलवान," कोल्हा म्हणाला, "तुमच्या अंगात काही कमी नाही. खोट आहे ती नावात. मधतोंड्या. अहो, नातवाला हाक मारावी तसं वाटतं."

"मग काय म्हणवून घेऊ?"

"डोंगरफोड. ऐकूनच समोरच्याच्या मांड्या ढिल्या व्हायला हव्यात."

अस्वलाला नाव आवडलं. पण एक शंका आली. "नवं नाव कुणाला माहीत नाही. साद कोण देईल?"

"मी आहे ना," कोल्हा म्हणाला. "मधाचं एक पोळं पोचतं करा, साद माझ्याकडे लागली."

पुढच्या साली धनेशाने "डोंगरफोड" असा पुकारा केला. मैदान गप्प. सगळे एकमेकांकडे बघू लागले. मग मागच्या झुडपातून कोल्ह्याचा आवाज आला, "आमचाच." अस्वल उतरलं आणि जिंकलंसुद्धा. पण अंगावरची माती झाडायला कुणी पुढे आलं नाही. "हा कोण बुवा?" एवढंच कुणीतरी विचारलं. बाहेर येताना अस्वलाला गवतात कासव दिसलं. मान ताणून ते कशाचा तरी कानोसा घेत होतं. अस्वलाने पंजा वर केला. त्याला वाटलं, कासवआजोबांनी आपल्याला पाहिलं. आजोबांच्या डोळ्यांचं त्याच्या ध्यानातच आलं नाही.

त्याच्या पुढच्या साली ते हरलं आणि कोल्ह्याने नाव दिलं वीजकडाका. वीजकडाकाही हरला, तेव्हा झालं वणव्याचा बाप. हरलं की नाव टाकायचं आणि नवं घ्यायचं, अशी वहिवाटच पडली. दुकानदाराने गिऱ्हाईक रोडावलं म्हणून मालाकडे न बघता दर हंगामात पाटी तेवढी रंगवावी, तशातला प्रकार. नवं गिऱ्हाईक पाटी वाचत नाही आणि जुनं बिचारं त्याच रस्त्यावर दुकान शोधत फिरतं. पण हे अस्वलाला सांगणार कोण? त्याच्याशी बोलणारा एक कोल्हा, आणि कोल्ह्याला मध गोड लागत होता.

मग एक साल असं आलं, की डोंगरावर फुलोरा आला नाही आणि माश्या उठून पलीकडच्या रानात गेल्या. अस्वलाने साऱ्या कपारी धुंडाळल्या. एक पोळं मिळेना. मैदानाच्या दिवशी ते रिकाम्या हातांनी कोल्ह्यापुढे उभं राहिलं.

"पुढल्या साली दोन देईन," ते म्हणालं.

"त्याचं काही नाही हो पैलवान," कोल्हा मान वळवत म्हणाला. "पण माझा घसा बसलाय."

त्या दिवशी जोड होती एका रानडुकराशी. धनेशाने आधी त्याचं नाव पुकारलं, "सुळेवाला." झाडीतून त्याचं सगळं गोत एका सुरात ओरडलं, "आमचाच." मग पुकारा झाला, "वणव्याचा बाप." अस्वल कुस्तीच्या हौद्याच्या काठाशी मूठभर माती घेऊन उभं होतं. कुणी बोललं नाही. धनेशाने पुन्हा पुकारलं. एका माकडाने दुसऱ्याच्या कानात काही सांगितलं, तेवढंच. सुतारपक्ष्याची हलगी थांबली. अस्वलाने गवतात, नेहमीच्या जागी पाहिलं. ती जागा रिकामी होती.

धनेश फांदीवरून वाकून हळू म्हणाला, "पैलवान, रीत आहे. माझा इलाज नाही."

अस्वलाने मूठ उघडली, माती परत हौद्यात सोडली आणि ते मागे फिरलं. हरून परतताना माकडं हसली होती. आज कुणी हसलंसुद्धा नाही. लगेच दुसऱ्या जोडीचा पुकारा झाला.

ते वडाच्या मागे जाऊन बसलं. थोड्या वेळाने कुस्ती न होताच मोकळं झालेलं रानडुक्कर तिथे आलं.

"दादा, राग नको," ते म्हणालं. "मला वाटलं होतं आज चार डाव शिकायला मिळतील."

"तुझं बरं आहे," अस्वल म्हणालं. "नाव पुकारलं की झाडी गाजते."

"पहिल्यापासून हेच नव्हतं माझं नाव. लहान होतो तेव्हा पट्टेवाला म्हणायचे. आमच्या पिल्लांच्या अंगावर पट्टे असतात ना. मग मोठा झालो, पट्टे गेले, सुळे आले. पट्टेवाला म्हणून उतरलो की लोक माझ्या पाठीवर पट्टे शोधत बसायचे. तेव्हा बदललं."

"मीही बदललंच की."

"मी आधी घरोघर जाऊन सांगितलं. आणि धनेशकाकांना म्हटलं, एक साल दोन्ही नावं पुकारा. कालचा पट्टेवाला, आजचा सुळेवाला." रानडुक्कर जवळ सरकलं. "दादा, विचारू का? तुमचं काय बदललं होतं?"

अस्वलाने आपल्या पंजांकडे पाहिलं. तेच पंजे, तीच नखं, छातीवरचा तोच पांढरा पट्टा.

"काही नाही," ते म्हणालं. "हरलो होतो."

रानडुक्कर जमीन हुंगून म्हणालं, "तो खालच्या डोहातला म्हातारा दर साली आमच्याजवळ बसायचा. मैदान संपेपर्यंत एकच विचारायचा, मधतोंड्याचा पुकारा झाला का रे? आम्ही सांगायचो, त्या नावाचं कुणी नाही आता. या खेपेला आला नाही. तुम्ही जुने आहात म्हणून विचारतो, तुम्हाला कोण तो मधतोंड्या ठाऊक आहे का?"

अस्वल उठलं आणि नदीच्या काठाने खाली चालू लागलं.

वाट लांब होती. दगड तापले होते, पळसाची फुलं वाटेवर पडून सुकली होती. आपल्याला चालून चालून धाप लागली, तर त्या आखूड पायांनी म्हातारा ही वाट कशी चढत असेल, हे अस्वलाला पहिल्यांदाच वाटलं. ऊन कलताना ते डोहाशी पोचलं. कासव काठावरच्या चिखलात बसलं होतं. पाठीवर शेवाळ वाळलं होतं. चाहूल लागताच त्याने मान बाहेर काढली.

"कोण आहे?"

इतकी नावं वापरून झाल्यावर हे नाव घ्यायचा आपल्याला हक्क उरला आहे का, हेच अस्वलाला कळत नव्हतं.

"मधतोंड्या," शेवटी ते म्हणालं.

कासवाने मान पुन्हा आत घेतली.

"चेष्टा करू नका रे," ते म्हणालं. "मधतोंड्या गेला. किती सालं त्याचा पुकारा नाही. मेला तरी असेल, नाहीतर हे रान सोडून गेला असेल. मी आता जाणंच सोडलं. पाय चालत नाहीत, आणि कुणासाठी चालवायचे?"

"आजोबा, तुम्ही हसून हसून दगडावरून पडला होता. पाठीवर. मी सरळ केलं होतं तुम्हाला."

कासव मान बाहेर काढून आवाजाच्या दिशेने सरकत सरकत आलं आणि त्याचं डोकं अस्वलाच्या पंजाला लागलं.

"कुठे होतास रे?"

"तिथेच होतो, आजोबा. दर साली मातीत उतरत होतो."

"मग मला ऐकू कसा आला नाहीस? कान तर माझे चांगले आहेत."

अस्वल चिखलात खाली बसलं. दूर वरच्या अंगाला मैदान अजून चालू होतं. हलगीचा आवाज पाण्यावरून अर्धामुर्धा येत होता. मग अस्वलाने एकेक करून सगळं सांगायला सुरुवात केली.

"डोंगरफोड म्हणून पुकारलं होतं, तो मी. त्या साली जिंकलो होतो."

कासवाने मान वर केली. "आमचाच," ते म्हणालं.

"वीजकडाका, तोही मीच. हरलो."

"आमचाच."

"वणव्याचा बाप. तोही मीच. आणि आज उतरताच आलं नाही."

कासव मनापासून हसलं, पहिल्या कुस्तीच्या वेळी हसलं होतं तसं. "काय एकेक नाव ठेवलंस रे. आमचाच तो. तोसुद्धा आमचाच."

आवाज अगदी बारीक झाला होता. तो मैदानापर्यंत काही पोचला नसता. हलगी थांबली, वरचे सगळे आपापल्या घरी निघाले असतील.

"पुढल्या साली पाठीवर बसवून नेतो तुम्हाला," अस्वल म्हणालं.

"बघू," कासव म्हणालं. "पळस फुलायला अजून खूप वेळ आहे. तोवर इथे येत जा. पण आलास की लांबूनच नाव सांगत जा. मला दिसत नाही."

तात्पर्य : आपण बदललो असू तर नाव जरूर बदलावं, आणि जुन्या नावाने ओळखणाऱ्यांना ते आधी जाऊन सांगावं. पण केवळ हरलो म्हणून नाव टाकलं, तर हार आपल्यापाशीच राहते आणि आपलं माणूस तेवढं हरवतं.