एका श्वासाची जागा

वाद्यवृंदाचे पाहुणे संचालक रणदिवे परदेशात शिकले होते आणि हे ते कुणाला विसरू देत नसत. तालमीत तिसऱ्यांदा छडी आपटून ते म्हणाले, “फ्लोरिनाबाई, तुमचा पियानो इथे का थांबतो? कागदावर विराम नाही.”

“आमचे जुने संचालक डिमेलोसर दमेकरी होते. तीस वर्षं ते इथे श्वास घ्यायचे, आम्ही थांबायचो.”

“त्यांना जाऊन दोन महिने झाले. मेलेल्या माणसासाठी वाद्यवृंद थांबत नसतो!”

बाईंनी पियानोवरचे कागद त्यांच्यापुढे धरले. “हे लिहिणाऱ्याला जाऊन दीडशे वर्षं झाली, साहेब. त्याचं पानोपान ऐकता, मग आमच्या सरांचा एक श्वास जड झाला?”

रणदिव्यांनी छडी पुन्हा उचलली.

मैफलीत त्या जागी त्यांची छडी हवेतच थांबली. सवयीने सगळ्या वादकांनी कान दिला. श्वास ऐकू आला नाही.