रंगनाथ कंडक्टरचा घेवडा

"मग मडकं मला का नाही, चाचा?" वैजयंतानं विचारलं.

इमामचाचा बांधावर बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होते. त्यांनी दाणे तोंडात टाकले आणि टरफलं वाफ्यात फेकली.

"वाफा बघितला नाहीत का तुम्ही? असा घेवडा अख्ख्या मळ्यात कुणाचा नाही!"

"बघितला की."

"मग?"

चाचांनी आणखी एक शेंग फोडली...

चाचांचं हे असंच. आपण एक विचारावं, तर उत्तर मिळत नाही, आणि मिळालंच तर डोकं आणखी गरगरतं. वैजयंता तर आधीच तापलेली होती.

आमचा मळा सगळ्यांचा मिळून आहे. फवारा नाही, पोत्यातलं खत नाही. नवा माणूस शिकायला आला की त्याला एक वाफा मिळतो आणि एक जाणता जोडीदार मिळतो. जोडीदारानं तोंडानं सांगायचं, करून दाखवायचं ते आपल्या वाफ्यात. शिकणाऱ्याच्या मातीत हात घालायचा नाही. ज्याचा शिकाऊ वाफा उभा करून दाखवील, त्या जोडीदाराला चाचा बियाण्याचं मडकं देतात. ते घेऊन त्यानं आपल्या गावात असाच मळा मांडायचा.

वैजयंताच्या कळमवाडीत बायांनी देवळामागची पडीक जागा साफ करून ठेवली होती. शेणखत ओढून ठेवलं होतं. आता रोज एकीचा तरी फोन यायचा, मडकं कधी आणतेस म्हणून. तिच्या जिवाला घोर लागला होता तो त्याचा.

आणि तिच्या वाट्याला शिकाऊ कोण आला, तर रंगनाथ कंडक्टर. सगळी नोकरी एसटीत गेलेली. खुरपं धरायचा ते तिकिटाला भोक पाडायचा चिमटा धरल्यासारखं. पण घेवडा असा आला होता की बघत राहावं. हिरवागार, एका ओळीत, शेंगांनी लगडलेला.

"रंगनाथराव, जरा इकडं या," चाचांनी हाक मारली.

रंगनाथराव झारी ठेवून आले. चेहरा नुसता फुललेला.

"हे कसं काय जमवलंत?"

"काय सांगू चाचा! आमच्या घरात कुणी खरं मानत नव्हतं. बायको म्हणायची, तुमच्या हातानं तुळससुद्धा जगली नाही कधी. परवा तिला आणून दाखवलं. बोलतीच बंद! हाताला गुण असतो एकेकाच्या..."

"असतो, असतो."

चाचा उठले. खोपीतून त्यांनी मडकं आणलं. तोंडाला फडकं बांधून वरून शेणमातीनं लिंपलेलं, आत राखेत घोळलेलं बी. ते त्यांनी सरळ रंगनाथरावांच्या हातात दिलं.

"घ्या. ज्याचा वाफा, त्याचं मडकं."

आम्ही एकमेकांकडे बघायला लागलो. शिकाऊला मडकं? असं कधी झालं नव्हतं. रंगनाथराव तर मडकं धरून पुतळ्यासारखे उभे.

"अहो चाचा!" वैजयंता ओरडलीच. "त्यांनी कुठं पेरलंय? मी पेरलंय ते!"

"म्हणजे?" रंगनाथरावांनी विचारलं.

"म्हणजे काय... तुम्ही बी टोचलंत ते अख्खं बोट आत घालून. मी घसा फोडून सांगत होते, वर ठेवा, वर ठेवा. ऐकलंत? आठवडा गेला, एक कोंब दिसेना. मग मी पहाटे येऊन पेरलं. पाणीही मीच बघितलं, खुरपलंही मीच. तुमचं मन मोडू नये म्हणून बोलले नाही."

खरं सांगायचं तर आम्हाला तिचं फार चुकलं असंही वाटेना. वाफा ओसाड राहिला असता तर कळमवाडीच्या बायांना काय तोंड दाखवणार होती ती?

रंगनाथरावांनी मडकं अलगद खाली ठेवलं. वाईट वाटलं त्यांना, फारच वाईट वाटलं. थोरल्या माणसाचं तोंड एवढंसं झालेलं बघवत नाही.

"मग माझं बी कुठं गेलं?" ते म्हणाले.

"कुजलं असेल."

"सगळंच?"

चाचा वाफ्याशी उकिडवे बसले. दोन ओळींमधली माती त्यांनी तळव्यानं हलकेच सारखी केली.

"पोरी, विरळणी केली होतीस ना इथं?"

"केली की. दाटी झाली होती."

"काय उपटलंस?"

"ओळीबाहेर आलेलं. मागनं उगवलेली रोपं, वाकडीतिकडी, पिवळट. कशी कुणास ठाऊक, मधेच वर आली होती. खोलातनं..."

ती थांबली.

रंगनाथराव तिच्याकडे बघत होते. ती मातीकडे.

"चाचा... ती त्यांची होती?"

"मला काय ठाऊक? मी पेरायला नव्हतो, उपटायलाही नव्हतो."

"सांगा ना चाचा! त्यांचीच होती का ती?"

चाचांनी टरफलं झटकली. आता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. राग होता, शरम होती, की नुसताच गोंधळ, तिलाही कळत नसावं. आम्हाला तर काहीच कळेना. मडकं मधोमध पडलेलं. आता ते नक्की कुणाचं?

"मग मी काय करू? बाया वाट बघतायत माझी. मला येतं सगळं, चाचा. बी धरता येतं, रोप जगवता येतं. मग काय यायचं राहिलंय मला?"

चाचांनी मडक्यावरचं लिंपण नखानं फोडलं. फडकं सोडलं. मूठभर घेवडा काढून, राख फुंकून, रंगनाथरावांच्या ओंजळीत घातला आणि शेजारच्या रिकाम्या वाफ्याकडे बोट केलं.

रंगनाथराव घुटमळले. मग गुडघे टेकून वाफ्याशी बसले. एक बी घेतलं. बोट मातीत घातलं. पहिलं पेर आत गेलं... दुसरं गेलं...

"अहो!" वैजयंताचा हात त्यांच्या मातीकडे पुढं झाला.

चाचांनी मडकं उचललं आणि त्या पुढं आलेल्या हातात दिलं. मडकं जड. एका हातात ते कलंडायला लागलं, तसा तिनं दुसरा हातही घाईनं खाली लावला.

ती मडक्याकडे बघत राहिली. मग चाचांकडे.

"हे... मला दिलंत?"

वाफ्यात रंगनाथरावांचं बोट थांबलं होतं. त्यांनी मान वळवून तिच्याकडे बघितलं. ती मडकं धरून जागीच उभी होती. त्यांनी बोट जरासं वर घेतलं, पुन्हा थोडं खाली घातलं. स्वतःशीच काहीतरी पुटपुटले...

चाचा पुन्हा बांधावर जाऊन बसले. शेंग फोडली.

"नीट धर," ते म्हणाले. "त्याला दोन्ही हात लागतात."