सात जणांची ढाल

खाडीकाठच्या एका गावात हिराजी नावाचा कबड्डीचा मोठा गडी होता. तो चढाईला निघाला की समोरच्या संघाचे पाय आपोआप मागे सरत. पुढे त्याचे गुडघे गेले, खेळ सुटला. पण घरातली एक खोली कप, पदकं आणि जुन्या जर्सींनी भरून राहिली.

त्याच खोलीत एक चांदीची ढाल होती. ती हिराजीची नव्हती. सात गड्यांनी मिळून ती जिंकली होती, आणि ती दर वर्षी एकेकाच्या घरी राहील असं सगळ्यांनी देवळात बसून ठरवलं होतं. पहिलं वर्ष हिराजीचं. ते वर्ष काही संपलंच नाही. मोठा माणूस, म्हणून कुणी मागायलाही गेलं नाही.

मग बामाच्या लेकीचं लग्न ठरलं. बामा त्याच संघातला. तो जोमाला म्हणाला, “चार दिवस ढाल मांडवात असू दे रे. व्याह्यांना कळू दे, आपणही कुणीतरी होतो.”

जोमाही त्याच सातांतला, कोपऱ्यावरचा गडी. तो हौसेनं ढाल आणायला गेला. पाहतो तर हिराजीच्या अंगणात खुर्च्या मांडलेल्या, शहरातली बडी माणसं बसलेली, आणि एक जण कर्ण्यातून बोली पुकारतोय. खोलीतल्या वस्तूंचा लिलाव चालला होता. गाव कडेला उभं राहून बघत होतं. कप गेले, पदकं गेली. जोमा गप्प होता. हिराजीचं होतं, हिराजीनं विकावं.

मग ढाल बाहेर आली.

जोमाच्या डोक्यात तिडीक गेली. “ए हिराजी! ती खाली ठेव. ती सात जणांची आहे.”

हिराजी हसला. “शेवटचा गुण कुणी आणला रे जोमा? तू?”

लिलाववाल्यालाही चेव आला. “काका, तुमचा सातवा तुकडा कापून देऊ का?” खुर्च्या खो खो हसल्या.

“गुण तूच आणलास,” जोमा म्हणाला. “पण त्याआधी तू बाद होऊन बाहेर बसला होतास. मान खाली घालून. आत एकटा बामा उरला होता. त्यानं एकट्यानं त्यांचा गडी धरला. पाय मोडला, पण पकड सोडली नाही. तेव्हा तू उठलास. ज्यानं तुला उठवलं तो आजही पाय ओढत चालतो, आणि तू त्याची ढाल विकतोस? थू तुझ्या चढाईवर!”

हिराजीनं तोंड फिरवलं. “चालू द्या हो,” तो लिलाववाल्याला म्हणाला.

एक वार, दोन वार, तीन वार. ढाल एका शेठला गेली. शेठ खूश होऊन म्हणाला, “आधी एक फोटो होऊ दे. ढाल आणि सगळा संघ!”

संघातले बाकीचे चौघे गर्दीतच होते. एकही पुढे आला नाही. त्यातला एक हिराजीला म्हणाला, “तुझी एकट्याची आहे ना? मग तूच उभा राहा.” आणि ते जोमाच्या मागोमाग अंगणाबाहेर निघून गेले.

शेठनं ढाल खाली ठेवली. “संघच नाही म्हणतोय. मग ही चोरीची वस्तू झाली की! दिवाणखान्यात लावून लोकांना काय सांगू?” तो गाडीत बसला आणि गेला.

दिवस कलताना हिराजी ढाल घेऊन बामाच्या दारी आला. बामा मांडवाला आंब्याचे टहाळे बांधत होता. लिलावाची सगळी हकिगत जोमानं त्याला सांगितली होती.

“घे बामा. तुझी ढाल.”

बामानं ढालीकडे पाहिलं. मग विचारलं, “शेठनं नेली असती, तर आला असतास का रे?”

हिराजी बाहीनं ढालीवरची धूळ पुसू लागला.

“मग परत ने. माझ्या लेकीच्या मांडवात उरलेला माल नको.”

तात्पर्य: सगळ्यांनी मिळून कमावलेला मान एकट्यानं विकायला काढू नये; एकदा बाजारात मांडलेला मान परत द्यायला गेलं, तरी घ्यायला कुणी हात पुढे करत नाही.