केलं आणि झालं

एका कागदगिरणीत एकदा एक मुलगी यंत्रदुरुस्तीचं काम शिकायला आली. दृष्टांतातल्या माणसांना नावं नसावीत असा संकेत आहे; पण तिचं नाव ऋतुजा होतं, आणि ते लपवावं असं तिने काही केलेलं नाही. आयटीआयमधून फिटरचं शिक्षण घेऊन आलेली, हाताने चपळ आणि प्रश्न विचारण्यात त्याहून चपळ. ज्या वृद्ध मेकॅनिकच्या हाताखाली ती होती, त्यांना मात्र सारी गिरणी केवळ ‘वस्ताद’ म्हणत असे. त्यांचं खरं नाव त्यांना स्वतःला तरी आठवत होतं की नाही, देव जाणे.

त्या गिरणीत एक पद्धत होती. यंत्रात हात घालण्यापूर्वी त्याचा मेन स्विच खाली ओढायचा, त्याला आपलं स्वतःचं कुलूप लावायचं आणि किल्ली खिशात ठेवायची. म्हणजे आपण आत असताना दुसरं कुणी अनवधानाने वीज सोडू शकत नाही. कुलूप ज्याचं त्याचं, त्यावर नाव कोरलेलं. ज्याच्याकडे ते नाही, त्याने एकट्याने यंत्र उघडायचं नाही. शिक्षण पुरं झालं की वस्ताद शिष्याच्या हातावर कुलूप ठेवीत. तिथला पदवीदान समारंभ तो एवढाच. ऋतुजाला ते कुलूप हवं होतं. मनापासून हवं होतं.

वस्तादांचं सगळं काम तिला उमजे, एक गोष्ट सोडून. स्विच ओढला, कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली, की ते यंत्रापाशी परत येत आणि ते सुरू करायचं हिरवं बटण दाबत. यंत्र अर्थातच हलत नसे. मग मान डोलावून ते कामाला बसत. आपणच बंद केलेलं यंत्र आपणच सुरू करायला जायचं, हा काय प्रकार?

“वस्ताद, वीज तर आपणच तोडली. मग बटण कशाला?” तिने एकदा विचारलंच.

“विचारतो त्याला.”

“कुणाला?”

“यंत्राला.”

“काय विचारता?”

“पान्हा दे तो इकडचा,” वस्ताद म्हणाले, आणि विषय तिथे संपला.

तिचा मात्र संपला नाही. स्विच ओढल्यावरही आत थोडी वीज उरते की काय, म्हणून तिने इलेक्ट्रिशियनला गाठलं. तो म्हणाला, “या यंत्रात तसं काही उरत नाही. म्हाताऱ्याची खोड आहे, दुसरं काय?” कॅन्टीनमध्ये विचारलं तर एकाने चहाचा घोट घेत सांगितलं, “अगं, मेलेल्याची नाडी बघतात ते!” सगळे हसले, तीही हसली. पण जित्याची खोड म्हणून सोडून द्यावं, तर वस्ताद बाकी कुठलीही हालचाल उगाच करणारे नव्हते. मग हीच का करतात?

अखेर तिच्या परीक्षेचा दिवस उजाडला. त्या दिवशी साफसफाईसाठी सगळी गिरणी थांबवलेली होती. ओला कागद पिळून काढणारे दोन जाडजूड रोलर, त्यांच्याजवळचं एक बेअरिंग तिने एकटीने बदलायचं होतं. वस्ताद बाजूला स्टुलावर बसले. विभागाचे साहेब हाताची घडी घालून उभे राहिले. कुलूप तिने वस्तादांचंच घेतलं. स्विचच्या पॅनेलपाशी गेली, नंबराची पाटी नीट वाचली, स्विच ओढला, कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली. हिरव्या बटणापाशी तिचा हात क्षणभर रेंगाळला. पण साहेब पाहत होते. बटण दाबलं तर त्यांना वाटेल, पोरीचा स्वतःच्या कामावरच भरवसा नाही. परीक्षेला बसून आपल्याच उत्तरापुढे प्रश्नचिन्ह कोण काढतं?

ती रोलरपाशी वाकली. हातातलं पुसायचं फडकं तिने दोन रोलरांच्या तोंडाशी ठेवलं आणि बोटं आत घालणार, तोच वस्ताद म्हणाले, “थांब, पोरी. यंत्र बंद केलंस?”

“केलं, वस्ताद. तुमच्यासमोरच केलं की.”

“झालं का?”

“म्हणजे? केलं म्हणजे झालंच ना?”

“मागे सरक. साहेब, तुम्हीही सरा जरा. आता दाब बटण.”

तिने काहीशा नाराजीनेच बटण दाबलं. यंत्र घरघरलं. दोन्ही रोलर फिरले आणि तोंडाशी ठेवलेलं फडकं आत ओढलं जाऊन पलीकडून पापडासारखं चपटं होऊन बाहेर पडलं. वस्तादांनी उठून लाल बटण दाबलं. ऋतुजा आपल्या उजव्या हाताकडे पाहत राहिली. ती बोटं आता तिच्या हाताला नसती. हे सांगताना माझ्याही अंगावर काटा येतो.

शोध घेतला तेव्हा उलगडा झाला. आठवड्यापूर्वी पॅनेलला नवा रंग दिला होता. रंगाऱ्यांनी पाट्या काढल्या आणि परत लावताना शेजारशेजारच्या दोन पाट्यांची अदलाबदल झाली. तिने बिनचूक पाटी वाचून शेजारचंच यंत्र बंद केलं होतं. सगळी गिरणी थांबलेली, त्यामुळे ते कुणाच्या ध्यानातही आलं नाही. साहेबांनी पाट्या तत्काळ जागच्या जागी लावून घेतल्या.

थोड्या वेळाने तिने खालच्या आवाजात विचारलं, “वस्ताद, पाट्या बदलल्यात हे तुम्हाला ठाऊक होतं?”

“नव्हतं.”

“मग बटण दाब असं का म्हणालात?”

“ठाऊक नव्हतं म्हणूनच,” वस्ताद म्हणाले. “हे बघ, ‘केलं’ हे आपलं असतं. ‘झालं’ हे समोरच्याचं असतं. स्विच मी ओढला, हे मी सांगू शकतो. यंत्र बंद झालं, हे यंत्रानेच सांगायला हवं. त्याला विचारलं म्हणजे आपला भरवसा कमी होतो, असं नाही. आता माझंच घे. घरी मी आमच्या हिला जन्मभर म्हणत आलो, ‘तुला सांगितलं होतं ना?’ सांगितलं मी, हे खरं. तिच्यापर्यंत ते पोहोचलं का, हे एकदाही विचारलं नाही. यंत्रापुढे शहाणा, घरात मात्र अडाणीच राहिलो.”

ऋतुजाला हसू आलं आणि डोळेही भरले. “कुलूप आज नको, वस्ताद. मी नापास झाले.”

वस्तादांनी खिशातून नवं कोरं कुलूप काढलं. त्यावर तिचं नाव कोरलेलं होतं. ते तिच्या तळहातावर ठेवत ते म्हणाले, “बेअरिंग अजून तसंच आहे. ते काय मी बदलू?”

ती पुन्हा पॅनेलपाशी गेली. स्विच ओढला, आपलं कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली. परत येऊन सगळ्यांना मागे सारलं आणि साहेबांच्या देखत हिरवं बटण दाबलं. रोलर हलले नाहीत. ती त्यांच्याकडे बघत राहिली, उत्तर येऊन पोहोचेपर्यंत.

“केलंस?” मागून वस्तादांनी विचारलं.

“झालं,” ती म्हणाली, आणि मग तिने हात आत घातला.