शाई फुटलेला वेल

फार जुन्या काळची ही गोष्ट. तेव्हा कागद हाताने करत, शाई घरी घोटत, आणि राग मात्र आजच्यासारखाच चटकन येत असे.

त्या काळी एका राज्यात, नदीकाठच्या गावात, दोन बहिणी राहत होत्या. आईबाप लवकर गेले, म्हणून थोरलीनेच धाकटीला लहानाची मोठी केली होती. दोघी मिळून शुभपत्रे करत. तेल पाजलेल्या जाड कागदात नक्षी कोरून त्या साचा तयार करत. साचा कोऱ्या कागदावर ठेवायचा, घट्ट दाबून धरायचा आणि चिंधीच्या बोळ्याने वरून शाई टिपायची. साचा उचलला की खाली फुले, पाने, पाखरे उमटलेली असत.

शाई थोरली लावायची. हळदीचा पिवळा कुठे संपला आणि पळसाचा केशरी कुठे सुरू झाला, हे भल्याभल्यांना सांगता येत नसे, इतकी ती रंगात रंग जिरवायची. साचा धरायची धाकटी. त्यांच्याकडे गोकर्णीच्या वेलाचा एक मोठा साचा होता. तो हातभर लांब आणि मधोमध फार नाजूक होता. दुसऱ्या माणसाने दोन्ही हातांनी धरला तरच तो नीट बसायचा. जरा हलला की शाई साच्याखाली शिरायची आणि पाकळ्यांच्या कडेला फुटायची.

त्या राज्यात एक रीत होती. नवान्नाच्या सणाला सगळे एकमेकांना शुभपत्र पाठवत. भांडण झालेले असेल, तर ज्याने दार लावले त्यानेच आधी पाठवायचे. ते हाती आल्याशिवाय दुसऱ्याने त्याचा उंबरा चढायचा नाही. रीत चांगली होती. दार लावणारी माणसे शहाणी असती, तर त्या रीतीने कुणाचे वाईट झाले नसते.

एकदा राजकन्येच्या लग्नासाठी राणीने या बहिणींकडून शुभपत्रे मागवली. तोच गोकर्णीचा वेल हवा होता. दोघींनी दिवसभर मान वर केली नाही. शेवटचे पत्र राहिले होते. तेवढ्यात आढ्यावर राहणारी साळुंकी राणीच्या कारभाऱ्यासारखी खाकरली. अगदी हुबेहूब! धाकटी खुदकन हसली, हात हलला, आणि शाई फुटली.

थोरलीच्या कपाळाची शीर तडतडली. "इतकी वर्षं नाव राखलं, ते एका हसण्यापायी घालवलंस!"

"अक्का, एकच तर कागद आहे. दुसरा छापू या की."

"आता माझ्या कामाला तुझा हात लागायला नको. जा, हस जा कुठे हसायचंय तिथे!"

आणि थोरलीने दार लावून घेतले.

धाकटी बराच वेळ बाहेर उभी होती. मग ती नदीपलीकडच्या वाडीत गेली आणि पत्रावळी लावून पोट भरू लागली.

थोरलीचा राग आठवडाभरही टिकला नाही. खरे सांगायचे तर तिसऱ्या दिवशी दोन ताटे वाढून बसली आणि तिला रडू आले. पण 'चुकले' असे म्हणायला तिची जीभ वळत नव्हती. तिने मनाशी ठरवले, नवान्नाला धाकटीला शुभपत्र पाठवायचे, तेही गोकर्णीच्या वेलाचेच. एकही कड न फुटलेले. तिला कळू दे, अक्काला एकटीलाही जमते.

हेच तिचे चुकले. बोलवायचेही होते, आणि तुझ्यावाचून अडत नाही हेही दाखवायचे होते.

लहान साच्यांवर ती चार बाजूंना चार गोटे ठेवायची आणि काम निभावून न्यायची. गावातली भांडणे तिच्या शुभपत्रांनी मिटत होती. पण वेलाच्या साच्याला गोटे पुरत नव्हते. कडा दबल्या तरी मध्य उचलायचा. नवान्न आले की ती वेल छापायची, शाई फुटायची, आणि ती कागद बाजूला फेकायची. तिथे फेकलेल्या कागदांचा ढीग झाला की वाणी पुड्या बांधायला घेऊन जायचा.

साळुंकी आढ्यावरून म्हणायची, "बाई, यातलाच एक पाठव ना."

"हा? डागाळलेला? ती हसेल."

"हसू दे की. माझं घरटं बघ. चिंध्या, काटक्या, दोऱ्याची गुंतवळ. पण पिलांनी कधी नाक मुरडलं नाही. ऊब आहे ना, मग झालं!"

"तुला काय कळतंय कामातलं? त्या दिवशी तूच तिला हसवलंस."

साळुंकीला ते लागायचे.

वाण्याचे दुकान नदीच्या उतारावर, होडी लागते तिथे होते. दोन्ही काठांची गिऱ्हाइके त्याच्याकडे येत. तो एकदा म्हणाला, "तुमच्या धाकट्या बाई मीठ फार खातात बुवा. दर दोन दिवसांनी चिमूटभर मिठासाठी दारात हजर. म्हटलं, महिन्याचं एकदम न्या, भांडं घेऊन या. तर म्हणतात, नको, पुडीतच द्या."

"आधीपासूनच विचित्र आहे ती," थोरली म्हणाली. पण धाकटी कशी दिसते, वाळली आहे का, हे विचारावेसे तिला फार वाटले. तिने विचारले नाही.

अशी कितीतरी नवान्ने आली आणि गेली. थोरलीच्या केसांत पांढरे आले. एका वर्षी, शेतात भात पिवळे पडू लागले होते तेव्हा, वाणी कागद न्यायला आला आणि दारातच घुटमळला.

"धाकट्या बाई अंथरुणाला खिळल्यात. आता दुकानात येत नाहीत."

थोरलीच्या हातातला बोळा गळून पडला.

"बाई, ऊठ," साळुंकी म्हणाली. "जशी आहेस तशी जा."

"रिकाम्या हाताने कशी जाऊ? दार मी लावलंय. एक चांगलं होऊ दे, घेऊनच जाते."

ती छापायला बसली. एक फुटले, दुसरे फुटले. दिवस गेला, दुसराही गेला. तिसऱ्या दिवशी तिने बोळा जवळजवळ कोरडा केला, गुडघ्यांनी साच्याची टोके दाबली, डाव्या हाताने मध्य धरला आणि श्वास रोखून शाई टिपली. साचा उचलला. गोकर्णीची निळाई पाकळीच्या कडेपासून आत आत फिकी होत गेली होती. एक कड फुटली नव्हती. जन्मात छापले नव्हते असे शुभपत्र उतरले होते. शाई वाळेपर्यंत ती थांबली, खाली धाकटीचे नाव लिहिले आणि होडीत बसली.

वाडीतल्या त्या खोपटाचे दार उघडेच होते. आत कोपऱ्यात जमिनीवर एक पणती जळत होती. तिची वात दक्षिणेकडे होती.

थोरली उंबऱ्यातच खाली बसली. पणतीपाशी बसलेली शेजारीण उठून आली.

"तुम्ही अक्का ना? काल सकाळी गेली हो ती. शेवटपर्यंत दाराकडे बघत होती."

थोरलीने मान वर केली. समोरच्या कुडाच्या भिंतीवर वरपासून खालपर्यंत कागद डकवले होते. चुरगळलेले, हाताने सारखे केलेले, घड्या पडलेले. प्रत्येकावर गोकर्णीचा वेल होता, आणि प्रत्येक वेलाची शाई फुटली होती. ते तिनेच फेकलेले कागद होते. भिंतीखाली मडकी ओळीने मांडली होती आणि सगळी मिठाने भरली होती.

"मिठाची पुडी आणली की मीठ मडक्यात टाकायची आणि आधी कागद बघायची," शेजारीण म्हणाली. "कधी नुसताच कागद निघायचा. वेल निघाला की दिवसभर गुणगुणायची. फुटलेल्या जागेवर बोट ठेवून म्हणायची, 'इथे माझा हात हवा होता. अक्का अजून आमचाच वेल छापते.' मी कितीदा म्हटलं, जा की ग बहिणीकडे. तर म्हणायची, 'दार तिने लावलंय, कसा उंबरा चढू? यातल्या एकावर जरी माझं नाव असतं ना, तर अनवाणी धावले असते.'"

थोरलीच्या हातातले शुभपत्र देखणे होते. ते कुणाला द्यायचे, ते तिला कळेना. तिने ते जमिनीवर ठेवले आणि भिंतीवरच्या एका फुटलेल्या पाकळीवर, धाकटी ठेवायची तिथेच, बोट ठेवले. मग ती हमसून हमसून रडली. पण मेलेल्या माणसाला हाक ऐकू जात नाही.

पुढेही ती शुभपत्रे करत राहिली. कुणी रुसव्याफुगव्याचे पत्र मागायला आले की ती त्याला नवान्नापर्यंत थांबू देत नसे. "ओलंच ने," म्हणायची. "वाटेत पुसटलं तरी चालेल. धावत जा." वेलाचा साचा काढला की ती समोर एक पाट मांडायची. त्या पाटावर कुणी बसत नसे. वेल छापायची, शाई फुटायची, आणि ती तो कागद फेकत नसे. साळुंकी तेव्हा आढ्यावरून त्या पाटाकडे बघायची. तिने पुन्हा कुणाची नक्कल केली नाही.

तात्पर्य: मायेचे पत्र डागाळलेले चालते, पण उशिरा पोचलेले चालत नाही.