शेपटी नसलेला आर

फार वर्षांपूर्वी एका बंदरातल्या पाट्यांच्या कारखान्यात लाकडी इंग्रजी अक्षरं राहत. त्यांच्या टोकांना नाजूक शेपट्या होत्या आणि त्यांचा त्यांना भारी तोरा. एकदा धर्माजी सुताराने अमेरिकेहून आलेल्या जुनाट खोक्यांवरची ठसठशीत अक्षरं पाहिली आणि तशीच नवी घडवली. जाड, सरळ, बिनशेपटीची.

त्यांतल्या बुजऱ्या आरला जुना आर म्हणाला, "काय रे, तुला घडवताना सुताराला डुलकी लागली होती का?" फळीवरची सगळी जुनी अक्षरं खदखदून हसली. नवा आर मान खाली घालून राहिला.

बंदराच्या तोंडाशी एक खडक होता. त्यावरच्या पाटीवर जुनी अक्षरं 'रॉक' असं सांगत उभी होती. पण धुक्यात त्यांच्या शेपट्या एकमेकींत मिसळत आणि पाटी झुडपासारखी दिसे. दोन गलबतं खडकाला घासली, तेव्हा धर्माजीने तिथे नवी अक्षरं ठोकली.

"मला कुणी ओळखलंच नाही तर?" आर कुजबुजला.

शेजारचा ओ म्हणाला, "तू फक्त ताठ उभा राहा."

दुसऱ्याच सकाळी दाट धुकं पडलं आणि एक आगबोट थेट खडकावर चालून आली. आर ताठ उभा राहिला, जागचा हलला नाही.

"खडक!" पाटी वाचून बोटीवरचा सुकाणी हसनमियाँ ओरडला आणि त्याने सुकाणू गर्रकन फिरवलं. बोट वळली आणि हातभर अंतरावरून सुखरूप निघून गेली.

हसनमियाँने पाटीला सलाम ठोकला. "वाचता आलं, म्हणून वाचलो!"

बोटीने तीनदा भोंगा वाजवला. सगळ्या बंदरादेखत आर ताठ मानेने तो ऐकत राहिला.