समईने दिलेली ओ

एका राज्यात एका दिवेलागणीला राजकन्या वनलेखेने आईला हाक मारली, आणि ओ दिली ती समईने.

आवाज मात्र आईचाच. राजकन्या दचकली. तशी ती पानाच्या सळसळीलाही दचके, म्हणून कोणी मनावर घेतलं नाही. राणी त्या वेळी बागेत होती. आत आल्यावर म्हणाली, मी कुठे ओ दिली? राजा रत्नकेतु हसला. समई हुशार झाली म्हणायची, चांगलंच आहे की.

ती समई साधी नव्हती. डोंगरांपलीकडच्या गुहेत राहणाऱ्या तंतुराज नावाच्या मायावीने राजाला तीन वस्तू भेट धाडल्या होत्या. सांगताच उजळणारी समई, सांगताच उघडणारा दरवाजा, आणि आपल्या पोटात तांदूळ किती हे आपणच सांगणारी कणगी. पूर्वी झाकण काढून आत डोकावलं की कळे. आता झाकण काढायचे श्रम वाचले. वाचलेल्या वेळात राजा कणगीला पुन्हा पुन्हा विचारी आणि कणगी पुन्हा पुन्हा तेच सांगे. प्रत्येक वस्तूतून एक दोरा निघून थेट तंतुराजाच्या गुहेत जाई. तो कोणाला दिसत नसे.

या वस्तूंना शब्द कळे, रीत कळत नसे. राणी देवदर्शनाला निघताना उंबऱ्यात म्हणे, येते हं. त्या घरात 'जाते' कोणी कधी म्हटलं नव्हतं. निघणाऱ्याने परतण्याचंच बोलावं. दरवाजाला वाटे, कोणी येत आहे, आणि तो दिवसभर सताड उघडा राही. एकदा शेळ्या शिरल्या आणि सिंहासनाची झालर खाऊन गेल्या. तांदूळ संपले की राणी म्हणे, तांदूळ वाढले, कारण भरल्या घरात 'संपलं' म्हणू नये. तर कणगी दवंडी पिटे की रास वाढली हो. दिवा 'विझव' म्हणणं अशुभ, म्हणून समईला मालवण्यासाठी 'वाढव' म्हणावं, तर ती अधिकच भडके.

शेवटी राजाने बोलणं बदलायचा हुकूम काढला. वस्तू बदलणं कठीण, माणसं बदलता येतात, असं त्याचं म्हणणं. मग महालात 'संपले' आलं, 'विझव' आलं. आणि एके सकाळी राणी उंबऱ्यात जराशी थांबली, दरवाजाकडे पाहून म्हणाली, "जाते."

दरवाजा बरोबर बंद झाला. राणी परतली ती मुकी होऊन.

राजवैद्याला गळ्यात काही दोष सापडला नाही. राजकन्या खिडकीत बसून आईचं बोलणं आठवू लागली. न्हाऊ घालताना ती काय गुणगुणायची, केस विंचरताना गुंता लागला की कशी पुटपुटायची. उशिरा उठल्यावर बसलेली बोलणीसुद्धा तिला आता गोड वाटली. तोच कठड्यावर एक साळुंकी येऊन बसली.

"कन्ये, का रडतेस?"

"आईचा आवाज हरवला."

"हरवला नाही. तीन दोऱ्यांनी तंतुराजाने ओढून नेला. आज दिवेलागणीला तो त्याच आवाजात दरवाजाला हुकूम देईल आणि आत येईल. मग आवाजही त्याचा, महालही त्याचा."

"उपाय?"

"तिन्ही वस्तूंना तुमचे जुने शब्द सांग. त्या भिववतील. दचकून मागे सरलीस, तर आवाज कायमचा गेला."

राजकन्या म्हणाली, मी तर तुलाही दचकले. साळुंकी म्हणाली, तेच पाहिलं, म्हणून तर काळजी वाटते.

ऊन उतरलं तशी राजकन्या दरवाजाशी जाऊन उभी राहिली. बाहेरून आईचा आवाज आला, मी आले, दार उघड. दार किलकिलं झालं आणि फटीतून लांब, काळी बोटं आत आली. राजकन्येला आत कणगीकडे जायचं होतं, म्हणून दाराचा निरोप घेतात तसा तिने घेतला.

"येते हं."

दरवाजा गोंधळला. येणारा बाहेर, येणारी आत, वळावं कुठे? आजवर गोंधळ झाला की माणूसच शब्द बदली. या वेळी कोणी बदलला नाही. दार असं करकरलं की बिजागऱ्यांतून ठिणग्या उडाल्या. ती जागची हलली नाही. तट्कन दोरा तुटला, बोटं मागे गेली, आणि तिथे नुसतं सागवानी दार उरलं. राजकन्येने अडसर हातानेच सरकवला.

कणगी रिकामीच होती. राजकन्या म्हणाली, तांदूळ वाढले. कणगीने मोजलं. दाणा नाही आणि रास वाढलेली. तिने पुन्हा मोजलं, मग फुगली, गुरगुरली, आणि राजकन्येला भिंतीशी चेपून धरलं. मागे सरायला जागाच नव्हती, एवढं तिचं नशीब. दुसरा दोरा तुटला. कणगी पुन्हा नुसती बांबूची झाली.

समई मात्र भडकली नाही. ती आईच्या आवाजात हळूच म्हणाली, "बाळ, मला विझवू नकोस. मी गेले तर हा आवाजही जाईल."

राजकन्या दचकली नाही, पण थबकली. कितीतरी दिवसांनी कोणी तिला बाळ म्हणत होतं. तिला वाटलं, असू दे, निदान ऐकायला तरी मिळेल. मग तिने त्यापुढचा शब्द मनात घोळवला. विझवू नकोस. आवाज आईचा होता. शब्द राजाच्या हुकमाने आलेला होता.

"दिवा वाढव," ती म्हणाली.

ज्योत आढ्यापर्यंत चढली. राजकन्येच्या भुवया होरपळल्या, डोळ्यांतून पाणी वाहिलं, पाऊल हललं नाही. त्या ज्वाळेत समईचा स्वतःचाच दोरा जळाला आणि ती निमाली. बाहेर तंतुराजाने आरोळी ठोकायला तोंड उघडलं. त्यात त्याचा स्वतःचा आवाज कधी नव्हताच. तो आल्या वाटेने डोंगरांकडे गेला.

महालात अंधार झाला. कोणतीच वस्तू बोलेना. राजकन्येला हाक मारायचीच भीती वाटली. मारली आणि कोणीच बोललं नाही तर? तिने भिंतीला हात टेकला.

"आई."

काही नाही. तिने पुन्हा हाक मारली. दूर कुठे तरी भांडं पडलं. तिसऱ्यांदा ती म्हणाली, "आई गं."

मग स्वयंपाकघराच्या अंगाने, बरेच दिवस न वापरलेला, घोगरा आवाज आला.

"ओ. आले गं. आधी या अंधारात मला वात सापडू दे."